दिव्यांचा राम

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ सालच्या, जून महिन्यातील गोष्ट. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, पहिलीच्या दाखल्यांची गर्दी ओसरली होती आणि आम्ही नव्या हजेरीपत्रकावर नावे घालीत बसलो होतो. इतक्यात कार्यालयाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, आणि बोटांच्या पेरांवर तंबाखूचा तपकिरी रंग. निपाणी भागाशी ज्यांचा परिचय आहे त्यांस या रंगाविषयी अधिक सांगावयास नको. बाई विड्या वळते. तिचा मुलगा सातवीपर्यंत आमच्याच शाळेत होता, पुढे शिकत शिकत बेळगावी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत जाऊन पोहोचला.

"गुर्जी," ती म्हणाली, "पोराचा राम कमी पडतोय म्हनं."

आम्ही लेखणी खाली ठेवली. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाच्या मनात अशा वाक्याने काय काय येऊन जाते हे वाचकांनीच ताडावे. मुलाची प्रकृती, संगत, परीक्षा, सगळे क्षणात डोळ्यांपुढून गेले.

"त्या कंप्युटरातला वो," तिने खुलासा केला. "चाराचा हाय, बत्तीसाचा पायजे म्हनतंय. आनि त्योबी दिवं लागनारा. मला त्यातलं कायबी कळत न्हाई. तुमी जावा की त्येच्यासंगट बेळगावला."

पैशाचा हिशेबही तिने तोंडपाठ सांगितला. भिशीचे चाळीस हजार तिचे, आणि पंचवीस हजार मुलाने स्वतः मिळविलेले. आमच्याकडे हल्ली कोणी बंगला बांधावयास काढला की पाया खणण्यापूर्वी त्याचे रंगीत त्रिमित चित्र घरमालकास दाखविण्याची रीत पडली आहे. भिंतीचा रंग, गच्चीवरचा कठडा, दारातली मोटारसुद्धा त्यात दिसते. हा मुलगा निपाणी-चिकोडीच्या बांधकामवाल्यांना तशी चित्रे काढून देतो आणि त्यावर आपली पुस्तके व खोलीचे भाडे भागवितो. चार गिगाबाइट स्मृतीचा त्याचा जुना संगणक मोठ्या चित्राला हात घातला की जागच्या जागी गोठत असे. दोन कामे त्यापायी हातची गेली होती. तेव्हा ही मागणी केवळ हौसेची नव्हती. मात्र 'दिवं लागनारा' या दोन शब्दांपाशी आमचे मन अडले ते अडलेच. विड्यांची मजुरी हजारावर मोजतात. पासष्ट हजार रुपयांत किती हजार विड्या बसतात याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात मांडला, आणि दिव्यांसाठी यातली एकही विडी जाता कामा नये असे ठरवून टाकले.

त्या रविवारी सकाळच्या एस. टी.ने आम्ही दोघे निघालो. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटरचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी जो महामार्ग अडवून धरला होता, तोच हा रस्ता. आता तो इतका रुंद झाला आहे की तो अडविण्याची कल्पनाही कोणास सुचणार नाही. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती अशी गावे मागे पडत होती आणि आमचा माजी विद्यार्थी आम्हांस धडा देत होता. शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात, आणि ते सुखाचे असतात.

त्याने सांगितले ते आणि नंतर आम्ही शोधून वाचले ते मिळून, मतलब असा. संगणकाला दोन प्रकारच्या आठवणी असतात. एक कपाटातली, जी वीज गेली तरी टिकते. दुसरी टेबलावरची, काम चालू असेपर्यंतची. या दुसरीलाच रॅम म्हणतात. आय. बी. एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्यास १९६६ साली अशी कल्पना सुचली की एका ट्रान्झिस्टरच्या जोडीला एक चिमुकला विद्युत्साठा ठेवला तर त्यात एक बिट, म्हणजे एक 'होय' किंवा 'नाही', साठविता येईल. १९६८ मध्ये त्यांस त्याचे पेटंट मिळाले. २०२४ साली ते वारले. आज जगातील बहुतेक प्रत्येक संगणक त्यांच्याच युक्तीवर चालतो, पण त्यांचे नाव आमच्या शिक्षकखोलीत कोणीही ऐकले नव्हते.

यातली खुबी अशी की तो विद्युत्साठा गळका असतो. भरलेली वीज झिरपून जाते आणि आठवण पुसट होते. म्हणून यंत्र प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचून पुन्हा भरून ठेवते. सध्याच्या डी. डी. आर. ५ या पिढीच्या स्मृतीत ही उजळणी ३२ मिलिसेकंदांत एकदा, म्हणजे सेकंदाला तीसहून अधिक वेळा, करावी लागते. आम्हांस हे ऐकून परवचा आठवला. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून पाढे म्हणणाऱ्या मुलांना घोकंपट्टीबद्दल नावे ठेवण्याची आधुनिक शिक्षणशास्त्रात पद्धत आहे. पण संगणकाची ही वेगवान स्मृतीही अखेर घोकूनच टिकते, हे आमच्या प्रशिक्षण वर्गांत कोणी सांगितले नव्हते.

आणि किती मावते त्यात? इंटेल कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १०२४ बिट बसत. आमच्या विद्यार्थ्यास हवी होती ती ३२ गिगाबाइटची जोडी त्याच्या सुमारे २६ कोटी ८४ लाख पट. मराठीच्या मापाने सांगावयाचे तर, युनिकोडच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत. एका ओवीस साठ चिन्हे धरली तरी त्या जोडीत ज्ञानेश्वरीच्या वीस हजारांहून अधिक प्रती एकाच वेळी उघडून ठेवता येतील. (हा हिशेब आम्ही एस. टी.च्या तिकिटामागे केला. मुलगा म्हणाला, "सर, पण माझ्या बंगल्याच्या एका चित्रालाच ती पुरत नाही." यावर आम्ही गप्प बसलो.)

दुकान मध्यवस्तीतल्या एका वरच्या मजल्यावर होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आत शिरताच आम्ही उंबरठ्यावरच थबकलो. काचेच्या कुशीची यंत्रे भिंतीशी मांडलेली, आणि प्रत्येकात तांबडा, हिरवा, निळा, जांभळा असे रंग एकामागून एक वाहत होते. गणेश चतुर्थीला बेळगावातील मंडळे जी रोषणाई करतात तिची लहान लहान पिल्ले जणू कोणी काचपेटीत पाळून ठेवली होती. त्यांत सर्वांत झगमगत होत्या त्या उभ्या पट्ट्या, म्हणजेच रॅम.

"हे बघा सर, लाईटवालं मेमरी," दुकानातील तरुण म्हणाला. "एकदम फास्ट आहे की हो."

"दिव्यामुळे?" आम्ही विचारले.

तो हसला, पण नाही म्हणाला नाही. तेव्हा आम्ही एकाच कंपनीच्या दोन जोड्या मागून घेतल्या, एक दिव्यांची आणि एक बिनदिव्यांची, आणि चष्मा पुसून दोहोंवरील लेबले ताडून पाहिली. दोहोंवर ६०००. दोहोंवर ३०. दोहोंवर १.३५ व्होल्ट. दोन्ही पट्ट्या सोळा-सोळा गिगाबाइटच्या. दिव्यांच्या जोडीची किंमत तेराशे रुपयांनी अधिक. आमच्या खिशात सवयीने फूटपट्टी असते. तिने मापले तेव्हा दिव्यांची पट्टी ४४ मिलिमीटर उंच भरली, साधी ३३. प्रोसेसर थंड करणारा मोठा पंखा बसविणाऱ्यास ही सेंटिमीटरभर उंची आड येते, आणि तेथे तेराशे रुपये देऊन अडचण विकत घेतल्यासारखे होते. मुलाच्या यंत्रात पंखा लहान असल्याने तो प्रश्न नव्हता.

या ६००० आणि ३० विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी, मग ते इंदुरास असोत की हैद्राबादेस, असा हट्ट कोणी ना कोणी धरून बसले असेल. ६००० म्हणजे एका सेकंदात दर तारेवरून सहा अब्ज वेळा देवघेव. दुकानदार याला मेगाहर्ट्झ म्हणतात, ते बरोबर नव्हे. घड्याळाचे ठोके निम्मेच, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा माल जातो. ३० हा आकडा मात्र उलट्या बाजूचा. मागणी केल्यापासून पहिले अक्षर हाती येईपर्यंत किती ठोके थांबावे लागते ते तो सांगतो. आता तीन हजार मेगाहर्ट्झचा एक ठोका एक-तृतीयांश नॅनोसेकंदाचा. तीस ठोके म्हणजे दहा नॅनोसेकंद. वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पिढीच्या डी. डी. आर. स्मृतीत, ४०० आणि २ हे आकडे असलेल्या उत्तम पट्टीत, एक ठोका पाच नॅनोसेकंदांचा आणि दोन ठोके थांबायचे. म्हणजे दहा नॅनोसेकंदच! हे गणित आम्ही दुकानाच्या वहीवर मांडून दाखविले तेव्हा तो तरुणही वाकून पाहू लागला. इतक्या वर्षांत फलाटावर गाडीची वाट पाहण्याचा काळ तेवढाच राहिला, गाडीला डबे मात्र पंधरा पट लागले. मोठा माल एकरकमी न्यावयाचा असेल त्याला हे डबे उपयोगी. ज्याला चिठ्ठीएवढे काम सतत करावयाचे, त्याला ६००० काय आणि ५६०० काय, फरक हाताला लागत नाही.

आणि दिवे? ते या गणितात कोठेच नाहीत. पट्टीच्या माथ्यावर दुधी प्लॅस्टिकच्या आड चिमुकल्या दिव्यांची ओळ असते. ती त्याच खाचेतून थोडी वीज घेते. रंग बदलण्याचा हुकूम ज्या अरुंद वाटेने जातो, त्याच वाटेने पट्टीची जन्मपत्रिकाही वाचली जाते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग बदलणारे कार्यक्रम एकाच वेळी त्या वाटेत शिरले की गोंधळ उडतो आणि क्वचित जन्मपत्रिकाच खराब होते. म्हणून असा एकच कार्यक्रम ठेवावा. स्मृतीच्या चिप त्यांच्याखाली, ॲल्युमिनियमच्या चिलखतात, अंधारातच काम करतात.

तेव्हा निवाडा आम्ही तेथल्या तेथे दिला. बिनदिव्यांची जोडी. मुलगा "बरं, सर" म्हणाला. त्याने मान खाली घातली होती. सातवीत असताना सहलीचे पैसे आणता आले नाहीत म्हणून घरी थांबतो असे सांगताना त्याने अशीच मान घातली होती. आम्ही तेव्हाही ती पाहिली होती.

पण योग असा की साध्या जोडीतली एकच पट्टी शिल्लक होती. समोर ठेवलेली दुसरी केवळ रिकामे नमुन्याचे कवच निघाले. जोडी बंगळूरहून यावयास चार दिवस लागणार होते. "एकच घेऊन जावा, नंतर दुसरी घाला," असा सल्ला मिळाला. हा सल्ला मात्र कोणी मानू नये. दोन पट्ट्या दोन वाटांनी माल पुरवितात. एकीने वाट निम्मी होते, आणि पुढे आणलेली दुसरी पहिलीशी जमेलच असे नाही. चार दिवसांनी पुन्हा येण्याचे भाडे, बुडणारा दिवस, मुदतीवर आलेले एक चित्र. हे सर्व जमेस धरून आम्ही तेराशे रुपये अधिक मोजावयास संमती दिली. त्यातले निम्मे आम्ही घातले, हे त्याच्या आईस अद्याप ठाऊक नाही. मुलाने मान वर केली. बसमध्ये ती खोकी तो मांडीवर घेऊन बसला होता.

खरी परीक्षा पुढे घरी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र सुरू झाले. खोली एकच. एका कोपऱ्यात सूप, तेंदूची पाने, दुसऱ्या कोपऱ्यात धाकटी बहीण दहावीचे पुस्तक घेऊन बसलेली, आणि भिंतींवरून इंद्रधनुष्य फिरू लागलेले. शेजारची मुले दारात गोळा झाली. आम्ही म्हणालो, "दिवे पाहिले. आता पावतीवर लिहिलेले सहा हजार यंत्रात कोठे दिसतात ते दाखव."

त्याने दाखविले, आणि त्याचा चेहरा उतरला. पडद्यावर आकडा होता ४८००. दिवे पूर्ण तेजाने लागले होते, वेग मात्र निजलेला! दुकानात फोन केला तेव्हा "तसंच येते सर" एवढेच उत्तर मिळाले. ते अर्धे खरे होते. डी. डी. आर. ५ चे मानक २०२० साली ठरले, आणि अशा पट्ट्या प्रथम सुरू होताना मानकातल्या सावध वेगाने, बहुधा ४८०० ने, चालतात. लेबलावरचा वेग ही कंपनीने मानकाच्या पलीकडे जाऊन दिलेली हमी असते. यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, जाऊन इंटेलच्या यंत्रात 'एक्स. एम. पी.' आणि ए. एम. डी.च्या यंत्रात 'एक्स्पो' नावाची खूण चालू करावी लागते. दुकानाने पैसे सहा हजारांचे घेतले आणि ही दोन मिनिटांची खूण केली नाही. असे कितीजण ४८०० च्या चालीने सहा हजारांचे दिवे पाहत बसले असतील!

मुलाने खूण केली. यंत्र बंद पडल्यासारखे मिनिटभर स्तब्ध राहिले, तेव्हा बाईने हातातली विडी तशीच धरून ठेवली होती. मग ते उठले आणि ६००० दिसले. पण वाढविलेल्या वेगात आठवण चुकत नाही ना हेही पाहणे भाग होते. मेमटेस्ट नावाचा एक फुकट मिळणारा कार्यक्रम स्मृतीच्या प्रत्येक घरात लिहितो, वाचतो आणि चुका मोजतो. तो रात्रभर चालू ठेवला. पहाटे आकडा शून्य. शून्य गुण मिळून उत्तीर्ण होण्याची ही एकच परीक्षा आम्ही पाहिली आहे.

त्यानंतर एक दुमजली बंगल्याचे चित्र घेऊन आम्ही हातात घड्याळ धरून बसलो. एकच पट्टी ठेवून, १६ गिगाबाइटमध्ये, चित्र पुरे व्हावयास ४१ मिनिटे लागली, कारण टेबलावर मावेना ते यंत्र पुन्हा पुन्हा कपाटात ठेवीत होते. दोन्ही पट्ट्या घालून, ४८०० च्या वेगाने, १३ मिनिटे ५० सेकंद. आणि ६००० च्या वेगाने १३ मिनिटे १५ सेकंद. ज्या वेगासाठी फोन, बायोस आणि रात्रभराचे जागरण झाले, त्याने पस्तीस सेकंद वाचले. माप पुरेसे होते म्हणून मात्र सत्तावीस मिनिटे वाचली. घरात मर्यादित पैसे असतील तर ते आधी मापावर घालावे, मग जोडीवर, आणि लेबलावरच्या वेगावर अगदी शेवटी. दिव्यांचे कोष्टकात घरच नाही.

तरी दिव्यांविषयी आमचे मत पूर्वीइतके करडे राहिले नाही, हेही कबूल करतो. बहिणीच्या अभ्यासात ते इंद्रधनुष्य येऊ लागले तेव्हा मुलाने रंग थांबवून एकच मंद पांढरा ठेवला. त्यासाठी लागणारा कार्यक्रम स्वतःच थोडी स्मृती खातो, आणि यंत्र सुरू होताना तो जागा होईपर्यंत क्षणभर इंद्रधनुष्य फिरून जातेच. तेवढ्या क्षणासाठी शेजारची मुले अजून दारात येतात, असे ऐकतो. बांधकामवाले चित्र पाहावयास त्या खोलीत येतात तेव्हा त्यांची नजर आधी यंत्राकडे जाते, आणि मग दरात घासाघीस थोडी कमी होते, असे मुलगा सांगतो. यात तथ्य किती आणि त्याची हौस किती हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही.

२०२५ सरता सरता बाजार फिरला. जगातील बहुतेक स्मृती-चिप तीनच कंपन्या करतात, सॅमसंग, एस. के. हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनी त्यांचा माल उचलावयास सुरुवात केली, घरगुती पट्ट्यांकडे उरले ते थोडे, आणि भाव दुपटी-तिपटीने चढले. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशल हा व्यापार बंद करण्याची घोषणाच केली. बडोद्याच्या आमच्या वाचकांना साणंद ठाऊक असेल. तेथील मायक्रॉनच्या जुळणी-चाचणी कारखान्याची घोषणा २०२३ साली झाली आहे, पण त्याने निपाणीतला भाव उतरेल अशी आशा आम्ही आजच धरीत नाही.

या जानेवारीत त्याच दुकानातून मुलाला फोन आला. दिव्यांची ती जोडी परत द्यायची असेल तर दिले त्याच्या दुप्पट पैसे रोख देऊ, यंत्रात तूर्त एखादी जुनी लहान पट्टी चालवून घ्या. मुलगा मनातून डळमळला असावा, कारण परीक्षेची फी भरावयाची होती. संध्याकाळी त्याने आईला विचारले. त्या वेळी आम्हीही तेथे होतो, चहा पीत.

बाईने सुपातली पाने सारखी केली. "किती देतो म्हनला?"

त्याने आकडा सांगितला. तिने तो मनात हजारी विड्यांवर मोजलेला आम्हांस दिसला.

"फीचं म्या बघती," ती म्हणाली. "घरातला राम कुनी इकतंय व्हय?" आणि धाकटीला म्हणाली, "त्यो दिवा जरा हिकडं कर, धागा दिसंना."

पट्टीच्या त्या उजेडात धागा दिसण्याजोगा नव्हता. मुलाने उठून खोलीतला मोठा दिवा लावला.